मांजराला पिसवा झाल्यात? मग घराकडे बघा

मांजराला पिसवा झाल्या की सगळे त्या मांजराच्याच मागे लागतात. आंघोळ, पावडर, पुन्हा आंघोळ. खाजवून खाजवून ते आधीच बेजार, त्यात पाण्याची धास्ती. मला हे बघवत नाही. कारण अंगावरच्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्यातला जेमतेम ५ टक्के भाग. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात. मांजराच्या अंथरुणात, सोफ्याच्या फटींत, सतरंजीखाली.

एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि मांजर जाईल तिथे ती गळत राहतात. त्यातही कोष महाचिवट. कीटकनाशक त्यांच्या आत फारसं पोचत नाही. आतली पिसू कित्येक आठवडे, कधी कधी महिनेसुद्धा दबा धरून बसते आणि हादरा बसला, ऊब किंवा श्वास जाणवला की बाहेर पडते. म्हणून औषध लावल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या तर औषधाला नावं ठेवून थांबू नका. डॉक्टरांनी सांगितलेले डोस वेळच्या वेळी निदान तीन महिने द्या, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला त्याचं त्याचं औषध द्या. अंथरूण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, कानाकोपऱ्यातून व्हॅक्यूम फिरवा आणि आतला कचरा लगेच घराबाहेर टाका.

आता जे सांगते ते कृपा करून नीट वाचा. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. "थोडंसंच लावा, काही होत नाही" असं कुणीही सांगितलं तरी नाही! कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. चुकून लागलंच तर वाट बघत बसू नका, तडक डॉक्टर गाठा. टी ट्री तेलासारखी 'नैसर्गिक' तेलंही मांजराला विषारीच. मांजर अंग चाटतं, त्यामुळे लावलेलं सगळं पोटात जातं.

पिसू गिळली तर पट्टकृमी, म्हणजे पोटातले चपटे जंतही होऊ शकतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही दिसलं तर जंताचं औषध विचारा.

अगदी लहान पिल्लांची मला जास्त काळजी वाटते. पिसवा रक्त पितात आणि एवढ्याशा जिवात रक्त ते किती! त्यांना मनाने कुठलंच औषध लावू नका. बारीक दातांच्या फणीने रोज विंचरा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.