एन-५ वर जपानची नोकरी? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

गणपतीत ताईकडे हर्णैला गेले होते. गौरी जेवल्या, पानं उचलली आणि भाचीने मोबाइल पुढे केला. "मावशी, हे वाच. तू जपानी शिकण्यात उगाच दोन वर्षं घालवलीस." हा मेसेज याआधी मलाही तिघांनी पाठवला होता, मी वाचून सोडून दिला होता. पण भाचीचं नर्सिंग नुकतंच झालंय आणि ताई त्याच मेसेजखालच्या नंबरावर पैसे भरायला निघाली होती. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: कोकणातल्या मुलांनो, ३० दिवसांत घरबसल्या जपानी शिका. लिपीच्या नादी लागू नका, सगळं देवनागरीत लिहा. कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) मोबाइल वाचून दाखवतो. व्याकरण मराठीचंच आहे, फक्त शब्द बदलायचे. रोज ॲनिमे (जपानी कार्टून) बघा. एन-५ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पाचांतली सर्वांत खालची पातळी) झाली की जपानमध्ये नोकरी पक्की.

आधी नोकरीचं बोलू, कारण घरातले पैसे तिथे जाणार आहेत. वृद्धांची देखभाल करण्यासारख्या कामांसाठी जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' हा व्हिसा सुरू केला. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. या वाटेने नव्याने जाणाऱ्याला एन-४ (एन-५ च्या वरची पातळी) किंवा 'जेएफटी-बेसिक' ही जपानीचीच दुसरी परीक्षा लागते, एन-५ चालत नाही. शिवाय कामाच्या कौशल्याची परीक्षा वेगळी. आणि देखभालीच्या कामासाठी त्या कामातल्या जपानीची आणखी एक परीक्षा. म्हणजे नर्सिंग झालेल्या मुलीला तीन परीक्षा पार करायच्या आहेत, आणि हा मेसेज तिला पहिल्याच्याही खालच्या पायरीवर उभं करून "पोचलीस" म्हणतो. मला राग येतो तो याचा. आंब्याचे पैसे जपून ठेवलेल्या घरातून ही फी जाते.

एन-५ म्हणजे काय ते परीक्षा घेणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. जेएलपीटीच्या अधिकृत पानावर पाचही पातळ्यांचं वर्णन आहे, दोन मिनिटांत वाचून होतं. एन-५ वाल्याला हिरागाना, काताकाना या जपानी अक्षरमालांत आणि प्राथमिक कांजीत लिहिलेली नेहमीची वाक्यं वाचता यावीत, आणि सावकाश बोललेल्या छोट्या संवादातून हवी ती माहिती टिपता यावी. एवढंच. या एका वर्णनात नोकरीचा दावाही पडतो आणि 'लिपी नको' हा दावाही, कारण प्रश्नपत्रिका देवनागरीत येत नाही. त्या परीक्षेत बोलायला तर कोणी लावतच नाही, सगळे प्रश्न पर्यायांचे. म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवताना काय बोलायचं, हे त्या प्रमाणपत्राने कसं कळणार?

देवनागरीचं मी अनुभवाने सांगते. पहिले दोन महिने मीही वही देवनागरीत भरली. मावशी किंवा आत्या म्हणजे ओबासान. त्यातला 'बा' लांबवला की आजी. आपल्याकडे 'बा' एकच, त्यामुळे माझ्या वहीत मावशी आणि आजी एकच झाल्या. 'कोको' म्हणजे इथे, आणि दोन्ही 'ओ' लांबवले की हायस्कूल. आपल्या 'ओ'ला ऱ्हस्व-दीर्घ नाही, मग लिहिणार कसं? ती अख्खी वही मला पुन्हा लिहावी लागली. आणि ज्या हिरागानाला घाबरवतात ती मूळ अक्षरं ४६. क्रम बघा: आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अक्षरांच्या अभ्यासातून तिकडे रुजला. बाराखडी पाठ असलेल्या आपल्या मुलांनी रोज पाच अक्षरं गिरवली तर दहा दिवसांत सगळी होतात.

कांजी मोबाइलवर सोडता येत नाही. उभा चौकोन आणि मध्ये आडवी रेघ, ही दिवसाची कांजी. 'निचियोबी' म्हणजे रविवार, या शब्दात ती दोनदा येते आणि उच्चार दोन वेगळे, सुरुवातीला 'निची' आणि शेवटी 'बी'. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत. एन-५ ला त्यातल्या थोड्याच लागतात, पण लागतात.

व्याकरणाचं म्हणणं निम्मं खरं आहे, ते मान्य करायला हवं. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, आणि प्रश्नाला शेवटी चक्क 'का'. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणे'. 'कात्ते ओकु' म्हणजे 'विकत घेऊन ठेवणे'. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. पण 'फक्त शब्द बदला' म्हणजे फसवणूक. मोजायची वस्तू बदलली की एक, दोन, तीनचे शब्दही बदलतात: बांगडे मोजायचे तर इप्पिकी, निहिकी, साम्बिकी, आणि माकुलं मोजायची तर इप्पाइ, निहाइ. चवदारला 'ओइशिइ', पण काल चवदार होतं म्हणायचं तर विशेषणच बदलून 'ओइशिकात्ता' होतं. मराठीत यातलं काही नाही.

ॲनिमे कानाला सवय म्हणून बघा. तिथली पात्रं 'ओरे' (मी), 'ओमाए' (तू) असं रांगडं बोलतात, ते पेशंटशी बोलताना चालणार नाही. आणि ३० दिवसांचं म्हणाल तर, मला नोकरी सांभाळून एन-५ ला दहा महिने लागले.

ताईने पैसे भरलेले नाहीत. भाची रोज पहाटे गिरवते आहे, परवा 'मा'च्या ओळीपर्यंत आली. वहीचा फोटो पाठवला होता, 'नु' आणि 'मे'ची गल्लत आहे. 'नु'ला शेवटी गाठ असते, 'मे'ला नसते, एवढं तिला कळवलंय.