भांडायचंच तर डीपीवर भांडा

भावकीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. आमच्या माळावरच्या पवनचक्क्यांचा फोटो, त्यावर लाल अक्षरांत ‘ह्याच पाऊस पळवायल्यात’ आणि खाली आवाहन, की २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नव्या पवनचक्क्यांविरुद्ध ठराव घ्यायचा. पाठवणारा माझा चुलतभाऊ. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता, विज्ञानात माझ्यापेक्षा नेहमी दोन मार्कं जास्त घ्यायचा. खाली सतरा अंगठे. इथे जर्मनीत, एस-बान म्हणजे लोकल गाडीत उभ्या उभ्या मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. चौथ्यांदा पाठवलं.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, भूम आणि वाशीच्या मधे, बालाघाटाच्या माळावर. इथला पाऊस नेतो तो सह्याद्री. अरबी समुद्राकडून आलेले ढग घाटावर रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे भूगोलाच्या गुरुजींनी आम्हा दोघांना एकाच फळ्यावर शिकवलं होतं. १९७२ ला माळावर कोणती पवनचक्की होती? आमच्या आजीनं त्या साली खडी फोडली, तिच्या बोटांवरचे वण मी पाहिलेत. पवनचक्कीचं पातं फार तर दीडशे-दोनशे मीटरपर्यंत पोचतं. पावसाचा ढग त्याच्या कितीतरी वर सुरू होतो आणि पुढे काही किलोमीटर उंच जातो. अंगणातल्या पंख्यानं आभाळ हलत नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते सांगते. ऑगस्ट २०२३ कोरडा गेला तेव्हा याच ग्रुपवर पवनचक्क्यांनी ढग पांगवले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडं नद्यांनी शिवारं खरवडून नेली, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, तेव्हा त्याच पवनचक्क्यांनी ढग अडवून धरले होते. आता पुन्हा त्या पाऊस पळवायल्यात. लोकांचं सोयाबीन पाण्यात सडलं, जनावरं वाहून गेली, त्या दुःखाचंसुद्धा आपण नीट कारण शोधणार नाही का?

मग मी परळीच्या वीजकेंद्राचं लिहिलं. कोळशावरची वीज पाणी पिते. बॉयलरला पाणी, थंड करायला पाणी, राख वाहून न्यायला पाणी. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घातली ती युनिटमागे साडेतीन लिटरची. परळीचं केंद्र २०१३ मध्ये आणि परत २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ ला, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पवनचक्कीला वीज काढायला पाण्याचा थेंब लागत नाही. मराठवाड्यानं तरी पवनचक्कीवर पाण्यासाठी रागावू नये, असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. शेवटी मात्र मी लिहिलं, ‘जर्मनीत लोक असलं काही बोलत नाहीत.’ हे लिहायला नको होतं. त्याकडे येतेच.

मी इथे, न्यूर्नबर्गजवळ, ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर, म्हणजे मोठ्या दाबाची वीज जोडणारे-तोडणारे स्विच, बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात बारा वर्षं काम करते. आमच्या कामाबद्दल गावात कुणी विचारत नाही, म्हणून इथे सांगते. स्विच उघडला की दोन टोकांमध्ये ठिणगी ताणली जाते. घरातल्या बटणात ती दिसते न दिसते, हजारो व्होल्ट असले की मात्र ती विझवावी लागते. त्यासाठी गेली कित्येक दशकं सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू भरत आले. काम चोख करतो, पण एक किलो हवेत सुटला तर साधारण २४,३०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो आणि शेकडो वर्षं जात नाही. पवनचक्कीच्या बुंध्यातल्या स्विचगिअरमध्येही तोच असायचा. स्वच्छ विजेच्या विरोधकांनी ते बोट दाखवलं तेव्हा ते खरंच होतं. आता ठिणगी निर्वात बाटलीत विझवतात आणि बाहेरून आवरण म्हणून कोरडी, गाळलेली हवा भरतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन, बस. सीमेन्ससारख्या कंपन्यांनी हे १४५ किलोव्होल्टपर्यंत नेलं. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात तो जुना वायू भरलेला २४ किलोव्होल्टपर्यंतचा नवा स्विचगिअर चालू करायला, ठरावीक अपवाद सोडले तर, बंदी आहे.

माझा जीव मात्र तेलात आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असतं, तेच त्याला थंड ठेवतं आणि तेच वीज अडवतं. काचेच्या भांड्यात नमुना घ्यायचा, त्यात दोन गोलसर पितळी टोकं, मधे अडीच मिलिमीटरची फट. सेकंदाला दोन किलोव्होल्टनं दाब वाढवत न्यायचा. आकडा चढत जातो, खोलीत कुणी बोलत नाही, आणि मग टक्क. निळी रेघ चमकून जाते, तेलात काळा धूर सुतासारखा वर येतो. असं सहा वेळा, मग सरासरी. कोरडं, स्वच्छ तेल साठ-सत्तर किलोव्होल्टपर्यंत तग धरतं. दमट झालेलं तिशीच्या आसपासच फुटतं.

पूर्वी हे सगळं खनिज तेल असायचं. आता आमच्या टेबलावर निम्मे नमुने वनस्पती तेलाचे असतात. ते सहज पेट घेत नाही, तीनशे अंशांच्या वर जावं लागतं, आणि सांडलं तर मातीतले जीव ते खाऊन टाकतात. ब्रुखझालच्या उपकेंद्रात ४२० किलोव्होल्टचा अख्खा ट्रान्सफॉर्मर अशा तेलावर आहे. अमेरिकेत सोयाबीनच्या तेलावरचे ट्रान्सफॉर्मर लाखांनी आहेत. हो, सोयाबीनच्या. आमच्या लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्याला २०२५ च्या खरिपाला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला आणि मोंढ्यात त्याच्या खालीच माल द्यावा लागला, त्याच सोयाबीनच्या.

पहिल्यांदा तो नमुना हातात घेतला तेव्हा मला आमची डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, आठवली. मी आठवीत होते. हरभरा फुलावर आला होता आणि डीपी जळाली. आप्पांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, जळालेली डीपी ट्रॉलीत घालून तालुक्याला नेली, आणि एकवीस दिवस रोज ऑफिसात जाऊन बसले. दुसरी आली तोवर हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा राहिला नव्हता. जुन्या डीपीखाली तेल वाहून काळ्या मातीत मुरलं होतं. त्या चौकटीएवढ्या जागेत पुढं दोन-तीन पावसाळे गवत उगवलं नाही. आमची शेळी तिथून वळसा घालून जायची. मी विजेचं शिकायचं ठरवलं ते त्या एकवीस दिवसांत, ऑफिसच्या पायरीवर आप्पांच्या शेजारी बसून.

माझ्या मेसेजवर ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. रात्री धाकट्या भावाचा फोन आला. शेती तोच बघतो.

‘आक्का, तुझं खरं हाय,’ तो म्हणाला. ‘पवनचक्की पाऊस नेत नसती, एवढं मला बी कळतंय. पण ग्रामसभेत उठून मी काय म्हणू? डोक्यावर वीज तयार होयलीय अन् माझी मोटार रात्री एकला चालू व्हायलीय, असं म्हणू? ते म्हणलं की साहेब म्हणतो, ते आमच्याकडं येत नाही. पाऊस पळवायल्यात म्हणलं की निदान पेपरवाला तरी येतो.’

मला बोलता येईना. सतरा अंगठ्यांतला एक त्याचाही होता.

आता ते जर्मनीचं. बायर्नमध्ये, म्हणजे मी राहते त्या राज्यात, २०१४ पासून नियम होता, की पवनचक्की जितकी उंच त्याच्या दहापट अंतर घरांपासून हवं. दोनशे मीटरची असेल तर दोन किलोमीटर. या नियमापायी कित्येक वर्षं इथं नव्या पवनचक्क्या जवळजवळ उभ्याच राहिल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरामागच्या टेकडीवर तीन पवनचक्क्यांचा प्रस्ताव आला. सभा भरली. माझी शेजारीण, मी भारतात जाते तेव्हा माझ्या झाडांना पाणी घालणारी बाई, उठून म्हणाली की झोपेचा नाश होतो, घरांच्या किमती पडतात. कुणीतरी त्या स्विचगिअरमधल्या वायूचं काढलं. सभागृहात त्या वायूला पर्याय रोज हातांनी तपासणारी मी एकटीच होते, आणि मी गप्प बसले. माझा उच्चार ऐकून माना वळतील, ‘ही कोण आम्हाला सांगणार’ असं त्यांच्या तोंडावर दिसेल, याला मी भ्याले. पुढं मतदान झालं. माझा पासपोर्ट भारतीय, म्हणून मला मत नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.

ग्रुपवर मी हे लिहिलं नव्हतं. इथे तोंड उघडायला घाबरलेली बाई तिकडच्यांना मोठ्या आवाजात शिकवत होती. तिकडच्या ग्रामसभेतही मला हात वर करता येत नाही. गावच्या मतदार यादीतून माझं नाव लग्नानंतर गेलं ते गेलंच. कुंथलगिरीचे पेढे मागवून खाल्ले म्हणून गावात वाटा राहत नाही, हे मला कळतं. तरी त्या माळाबद्दल कुणी बोललं की माझ्या घशात काहीतरी अडकतं. तो हक्क आहे की नुसती सवय, हे मला बारा वर्षांत सांगता आलेलं नाही.

पण एक गोष्ट इथली घेण्यासारखी आहे आणि ती मी भावाला सांगितली. इथल्या कायद्यात तरतूद आहे, की पवनचक्कीपासून अडीच किलोमीटरच्या परिघातल्या गावांना प्रत्येक युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत रक्कम देता येते. एका पवनचक्कीनं वर्षाला एक कोटी युनिट काढले तर वीस हजार युरो. ते गावाच्या तिजोरीत जातात, ज्याच्या रानात खांब उभा आहे त्याचं भाडं वेगळं. पवनचक्क्यांना गावांनी राजी व्हावं म्हणून ती तरतूद आणली. आपण ढगांवर भांडतोय तोवर कंपनीला काहीच द्यावं लागणार नाही. ढगाचा हिशोब कुठल्या साहेबाला विचारणार? युनिटचा विचारता येतो, मीटर तिथं बुंध्यातच आहे.

आम्ही दोघांनी मिळून ठराव लिहिला. पाऊस हा शब्द त्यात कुठेच नाही. युनिटमागे गावाचा हिस्सा, सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा आठ तास थ्री फेज, आणि पवनचक्क्यांच्या टप्प्यातल्या जुन्या डीप्या बदलून द्याव्यात, नव्या डीप्यांत वनस्पती तेल असावं. शेवटचं कलम माझं. भाऊ म्हणाला, ‘ह्याला हसतील.’ मी म्हणाले, हसू दे, पण वाच.

चुलतभावालाही तो पाठवलाय. त्यानं वाचलेला दिसतोय, उत्तर आलेलं नाही.

काल आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते, गावाकडे दीड. भावानं व्हिडिओ कॉल लावला. तो ज्वारीला पाणी द्यायला निघाला होता. अंधारात वर पवनचक्कीचा लाल दिवा लुकलुकत होता आणि पात्यांचा आवाज येत होता, सूंऽ सूंऽ असा. मी म्हटलं, डीपीकडं टॉर्च धर, तेलाची काच दिसते का बघू. त्यानं धरला. काच धुळीनं माखली होती. ‘थांब, पुसतो,’ म्हणून तो पुढं सरकला आणि मी ‘हात लावू नकोस’ म्हणून इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीतून लेक धावत आली.

‘बरं बरं, उद्या वायरमनला सांगतो,’ तो म्हणाला. मग त्यानं स्टार्टर दाबला, मोटार धरली, आणि पाइपाला पाणी आल्याच्या आवाजात त्याचं पुढचं काही ऐकू आलं नाही.