आयडलचा स्क्रू पिळून जुनी ओबीएम सुधारत नाही

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या बोटवाल्यांच्या ग्रुपवर दरवर्षी मे महिना आला की एक मेसेज फिरतो. यंदाही आलाय. थोडक्यात असा: "जुनी ओबीएम आयडलिंगला बंद पडते? मिस्त्रीला पैसे घालू नका. आयडलचा स्क्रू दोन आटे आत घ्या. प्लग बदला. पेट्रोलमध्ये ऑईल जरा जास्त टाका, स्कूटरचं चालतंय. थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडं थंडी नाही. पाण्याबाहेर दोन मिनिटं चालवून सेटिंग बघा. पूर ओसरला की धुवून ठेवा, पुढच्या वर्षी एका ओढीत चालू." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओबीएम म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटर, आणि आयडलिंग म्हणजे रेस सोडल्यावर तिचं मंद चालू राहणं. आमच्याकडं बहुतेक जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणाऱ्या, आहेत, आणि वर्षातले अकरा महिने त्या ताडपत्रीखाली पडून असतात.

हा मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची आहे. पहिली तर जिवावर बेतणारी आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

स्क्रू आत घेतला की मोटर बंद पडायची थांबते, हे खरं. पण का थांबते? कार्बोरेटरमध्ये पेट्रोलला दोन वाटा असतात. रेस वाढवली की मेन जेटमधून पेट्रोल येतं. रेस सोडली की हवेची झडप जवळजवळ मिटते आणि मोटर फक्त पायलट जेटच्या बारीक भोकावर जगते. ते भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही बारीक असतं. वर्षभर बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, राहिलेलं पेट्रोल वाळतं, त्याचा चिकट डिंक होतो आणि सगळ्यात आधी हेच भोक बुजतं. म्हणून तर मोटर फुल रेसला झकास पळते आणि सोडली की मान टाकते. आयडलचा स्क्रू आत घेतल्यावर आपण फक्त ती झडप उघडी धरतो. पुढची भोकं उघडी पडतात, मोटर त्यांच्यावर चालते. पायलट जेट बुजलेलं ते बुजलेलंच.

आता याचा पाण्यावर काय परिणाम होतो ते सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी 39, धोका पातळी 43. त्या दिवसांत आमच्या बोटीची मोटर अशीच "दुरुस्त" होऊन आली होती, स्क्रू पिळून. एका घराच्या गॅलरीला बोट लावली. एक आजी, एक पाय कठड्यावर, एक पाय बोटीत, आणि पाण्याच्या ओढीनं बोट सरकायला लागली. मी सावरायला गिअर टाकला. मोटर इतक्या वरच्या रेसवर फिरत होती की खाडकन आवाज झाला आणि बोट हातभर पुढं उडाली. आजी पाण्यात. पोरांनी काखेत हात घालून लगेच वर घेतलं, आणि मी लाल दोरी ओढून मोटर बंद केली. पंखा तिच्या पायापासून किती लांब होता ते मला आजही सांगता येणार नाही.

पुरात माणसं काढताना मोटर पळवायची नसते. भिंतीला, झाडाला, जिन्याला बोट टेकवायची असते, आणि ते सगळं काम आयडलिंगवर होतं. आयडल जास्त असेल तर प्रत्येक गिअरला झटका बसतो, बोट उडते, आणि खाली गिअरबॉक्समध्ये गिअर जोडणाऱ्या क्लच डॉगचे दातही झडत जातात. तिथं झीज झाली की मग रेसला गिअर सुटायला लागतो. तो खर्च कार्बोरेटर साफ करण्याच्या कितीतरी पट आहे.

मग करायचं काय? कार्बोरेटर उतरवा. बाउल काढताना खाली स्टीलची वाटी धरा आणि निघालेलं पेट्रोल उन्हात नीट बघा. आमच्या मोटरच्या वाटीत तळाला काचेच्या मण्यासारखे थेंब पळत होते. वाटी कलती केली की पेट्रोल एका बाजूला, मणी दुसऱ्या बाजूला. ते पाणी. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. ठरावीक प्रमाणाच्या वर पाणी झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोलची नळी तर टाकीच्या तळातूनच ओढते. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत इथेनॉल तयार होतं, त्यावर उसाचे पैसे अवलंबून आहेत, तेव्हा मी इथेनॉलच्या विरोधात बोलत नाही. पण टाकीत महिनोन्‌महिने ठेवायचं पेट्रोल ते नाही, एवढं ध्यानात घ्या.

पायलट जेट काढून उजेडाकडं धरा. भोकातून गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धवट, वाकडा दिसला तर आत डिंक आहे. सुई, टाचणी, क्लच वायरचा तुकडा घालू नका. जेट पितळेचं असतं, भोक मोठं होतं आणि मग ती मोटर जन्मभर धूर ओकते. कार्बोरेटर क्लीनर मारून तासभर ठेवा, विजेच्या वायरीतली तांब्याची एक मऊ तार हलकेच फिरवा आणि पंक्चरवाल्याकडची हवा मारा. जेटसोबत कार्बोरेटरच्या अंगातल्या बारीक वाटांमधूनही हवा आरपार गेली पाहिजे. नुसतं बाहेरून चकचकीत करून उपयोग नाही.

पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चरचा स्क्रू वेगळा आणि आयडलचा वेगळा, हेही मेसेज सांगत नाही. मिक्स्चरचा हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्या (जोर लावला तर टोकाला खाच पडते) आणि साधारण एक ते दीड आटा बाहेर काढून सुरुवात करा. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. काही मोटरींत हा स्क्रू हवेचा असतो, काहींत पेट्रोलचा, त्यामुळं बाहेर काढल्यावर कुठं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी), कुठं जाड (पेट्रोल जास्त). मोटर कार्बोरेटरमधून शिंकायला लागली, फट्‌ करून मागं उडवायला लागली, की पेट्रोल कमी पडतंय असं समजा.

"प्लग बदला." बदला, स्वस्त आहेत. पण जुने प्लग फेकण्याआधी बघा, कारण मोटरनं दिलेला तो रिपोर्ट आहे. दोन सिलिंडरच्या मोटरीत एक प्लग कोरडा तपकिरी आणि दुसरा ओला काळा निघाला, तर तो सिलिंडर आयडलला पेटतच नाही. फुल रेसला तो साथ देतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तिथं नवा प्लग घातला तरी तोही तासाभरात भिजणार. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. दोन्हींत 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्बोरेटरला हात लावायची गरजच नाही, दुखणं आत आहे. कॉम्प्रेशन सारखं असेल तर कॉइल आणि वायरी तपासा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिनांवर हात बसलेली माणसं आहेत, कॉम्प्रेशन गेज त्यांच्याकडं मिळतं.

ऑईलचं गणित मात्र लोक हमखास उलटं करतात. ऑईल वाढवलं की मिश्रण "जाड" होतं असा समज आहे. प्रत्यक्षात त्याच भोकातून ऑईल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे आयडलला मोटर आणखी उपाशी. वर धूर आणि भिजलेले प्लग. काही मोटरींना 50:1 लागतं, म्हणजे 10 लिटरला 200 मिली. त्याहून जुन्या काहींना 25:1, म्हणजे 400 मिली. आपलं कुठलं ते पुस्तकात बघा आणि मापानं घाला, अंदाजानं नको. आणि स्कूटरचं ऑईल नको. पाण्यानं थंड होणाऱ्या या मोटरींसाठी टीसी-डब्ल्यू3 ऑईल असतं, ते राख न सोडणारं असतं. स्कूटरच्या ऑईलची राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते.

थर्मोस्टॅटचा मुद्दा ऐकायला पटतो, कारण आपल्याकडं ट्रक-ट्रॅक्टरमधूनही तो काढायची सवय आहे. पण थर्मोस्टॅट म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, आणि तो मोटर गरम ठेवायला असतो. ओबीएम नदीचं पाणी सारखं आत ओढत असते आणि पावसाळ्यातली कृष्णा-पंचगंगा कितीही उकाडा असला तरी इंजिनाच्या मानानं थंडच. थर्मोस्टॅट साधारण 50 ते 60 अंशांना उघडतो. तो काढला की आयडलला इंजिन तापतच नाही, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पोकळीत) साचतं आणि मोटर भकभक करत बंद पडते. म्हणजे जो आजार घालवायचा, तोच वाढवला. उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट बदलायला हवा. काढून फेकायचा नाही.

"पाण्याबाहेर दोन मिनिटं चालवा," हे तर करूच नका. मोटर थंड करायला पाणी ओढणारा रबरी इंपेलर कोरडा फिरला की काही सेकंदांत जळायला लागतो. त्याच्या पाकळ्या तुटून पाण्याच्या वाटेत अडकतात आणि मग पुरात मोटर तापून जाम होते. घरी बघायचं तर पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये बुडवून, मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार पडतेय ना याची खात्री करून. शेवटचं सेटिंग मात्र नदीतच. बोट दाव्यानं घाटाच्या कडीला पुढून-मागून बांधा, मोटर गरम होऊ द्या, पुढचा गिअर टाका आणि मग आयडल लावा. बाहेर पंख्यावर भार नसतो, धूर जाताना पाण्याचा दाब नसतो. तिथं जे सेटिंग गोड वाटतं ते पाण्यात गिअर टाकताच बंद पडतं. ड्रममध्येही स्वतःचाच धूर ओढून मोटर अडखळते, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही अशी एक साधी परीक्षा सांगतो. मोटर बंद पडायला आली की नळीवरचा रबरी फुगा दाबा. दाबल्यावर सावरली तर पेट्रोल पोचत नाहीये: टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, नळीच्या जोडाची ओ-रिंग हवा ओढत असेल किंवा पंपाचा पडदा गेला असेल. दाबल्यावर आणखी लवकर मेली तर उलट पेट्रोल जास्त येतंय, बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बघा. काहीच फरक पडला नाही तर पायलट जेटकडं जा.

राहिलं "धुवून ठेवा". धुवा जरूर, पुराचा गाळ धारेच्या भोकात बसतो. पण धुणं सुरू असताना, मोटर ड्रममध्ये चालू असतानाच, पेट्रोलची नळी काढा आणि ती आपोआप बंद पडू द्या. मग बाउलच्या तळाचा छोटा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल वाटीत घ्या. टाकी रिकामी करा, ते पेट्रोल त्याच आठवड्यात वापरून टाका. यंदा मृगाच्या आधी, पंधरा मेच्या सुमारास, आम्ही चार गावच्या मोटरी एकाच दिवशी घाटावर बांधून तपासणार आहोत. ज्यांची आयडलला बंद पडते त्यांनी स्क्रूला हात न लावता तशीच घेऊन या.