क्रमांक 1004 कोणाचा?

आमच्या महाविद्यालयाचा सर्व्हर सेंटओएस 7 या युनिक्सच्या घराण्यातल्या संगणक प्रणालीवर चालत असे. 30 जून 2024 रोजी त्या प्रणालीची मुदत संपली आणि नवे यंत्र घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. निविदा, तुलनात्मक तक्ता आणि चहा या मार्गाने खरेदी समितीने आठ महिने घेतले; सगळ्यांची खाती नव्या यंत्रावर नेण्यासाठी मात्र मला एक रविवार मिळाला. ‘‘त्यात काय, कॉपीच तर करायचे आहे,’’ असे प्राचार्य म्हणाले, आणि खेदाची गोष्ट अशी की मलाही तसेच वाटत होते.

युनिक्स माणसाला नावाने ओळखत नाही. फाइलवर मालक म्हणून नुसता आकडा असतो. तो आकडा कोणाचा, हे ‘पासडब्ल्यूडी’ नावाच्या हजेरीपटात पाहावे लागते. त्यात प्रत्येक माणसाची एक ओळ आणि ओळीत सात रकाने. पासवर्डच्या रकान्यात मात्र फक्त एक्स असतो, कारण पासवर्ड केव्हाच ‘शॅडो’ या दुसऱ्या फाइलमध्ये राहायला गेला आहे.

जुन्या यंत्रावर क्रमांक रुजू होण्याच्या क्रमाने, 1000 पासून पडले होते. मला टापटिपीची हौस असल्यामुळे मी नवी खाती वर्णानुक्रमे तयार केली, जुनी डिस्क नव्या यंत्राला जोडली आणि सर्वांची घरे, म्हणजे ज्याच्या त्याच्या फाइलींचे कप्पे, मालकीसकट उतरवून घेतली. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली. जुना 1004 म्हणजे प्राचार्य, नवा 1004 म्हणजे ग्रंथपाल. सोमवारी सकाळी प्राचार्यांना त्यांच्याच घराच्या दारात ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळाले, आणि आमच्या शांत, सत्शील ग्रंथपालबाई गोपनीय अहवालांच्या कायदेशीर मालकीण झाल्या. त्यांनी ते उघडले नाहीत, असे त्या म्हणतात. पण त्या दिवसापासून प्राचार्य ग्रंथालयाच्या निधीबद्दल फारच आदराने बोलू लागले आहेत.

चूक दुरुस्त करायला बसलो तेव्हा मोठी चूक केली. ‘1004 च्या सगळ्या फाइली 1011 ला द्या, मग 1011 च्या 1007 ला द्या’ अशा आज्ञांची माळ मी एकामागून एक चालवली. पहिल्या आज्ञेने 1011 च्या घरात आलेले पाहुणे दुसऱ्या आज्ञेला कसे ओळखू यावेत? तिने यजमानांसकट सगळ्यांना उचलून 1007 कडे नेले. संगीत खुर्चीचा हा खेळ संपला तेव्हा निम्म्या महाविद्यालयाच्या फाइली प्रयोगशाळा सहायकाच्या मांडीवर बसल्या होत्या. जुनी डिस्क मी पुसली नव्हती, हे माझे त्या आठवड्यातले एकमेव शहाणपण. 1000 च्या पुढच्या ओळी जुन्या हजेरीपटातून आणि शॅडोमधून आकड्यांसकट जशाच्या तशा उचलल्या आणि घरे पुन्हा उतरवली.

एवढ्यात फोन सुरू झाले. नव्या सर्व्हरची ओळखीची किल्ली वेगळी असल्याने प्रत्येकाच्या पडद्यावर एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीची, ती चौकट उमटत होती, जिच्यात कोणीतरी काहीतरी ओंगळ करत असण्याची शक्यता अक्षरशः वर्तवलेली असते. ‘‘ते ओंगळ मीच करतो आहे,’’ असे मी सतरा जणांना सांगितले. अठराव्या फोनच्या आधी जुन्या किल्ल्या आणून बसवल्या.

नव्या यंत्राचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहिले होते, हे मात्र बुधवारी कळले. रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला, पहिल्याच प्रात्यक्षिकाच्या वेळी सुरू होई आणि पन्नास मुले पडद्याकडे बघत स्वस्थ बसत. शिकवणाऱ्या सरांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटले, मुले विचार करत आहेत.

आता सगळे जागेवर आहे. क्रमांक 1000 हे खाते एका निवृत्त सरांचे. त्यांचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, पण त्यांची एक क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञेची, ओळ दर सोमवारी काहीतरी मोजते आणि निकाल त्यांनाच पाठवते. हजेरीपटातल्या पाचव्या रकान्यात त्यांच्या नावापुढे इंटरकॉम क्रमांक 23 आहे. इंटरकॉमच्या तारा भिंतीतून काढूनही बरीच वर्षे झाली. ते खाते मी पुसलेले नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘‘राहू द्या, सरांना राग येईल.’’