विसापूर विसरून कसं चालेल?

आमच्या तासगावकर पाहुण्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट या महिन्यात तिसऱ्यांदा आली. तिचं म्हणणं असं: गरिबी आणि भूक फक्त भांडवलशाहीनंच हटते, चीन बघा, आपल्या द्राक्षबागा बघा. धान्य भरपूर पिकलं की कुणी उपाशी राहत नाही. रेशन आणि रोजगार हमीनं लोक आळशी झालेत, सरकारनं बाजूला व्हावं.

चीनमध्ये 1978 नंतर सुमारे 80 कोटी लोक दारिद्र्यातून वर आले, हे खरं आहे. बाजार खुला केल्याशिवाय ते झालं नसतं, हेही खरं. पण तिथं शेतजमीन आजही खासगी मालकीची नाही आणि मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात आहेत. मग सरकार बाजूला झालं ते कुठं?

द्राक्षांचं श्रेय मात्र शेतकऱ्याचंच. तास-ए-गणेश ही जात इथल्याच बागेत सापडली, मंत्रालयात नव्हे. पण बागेला पाणी लागतं, आणि म्हैसाळहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी जतकडं नेलं ते सरकारी महामंडळानं. त्यासाठी रोखे काढून बाजारातूनही पैसा उचलला, पण हमी सरकारची होती म्हणून तो मिळाला.

पिकलं की भूक संपते, हे तर साफ चूक. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच दाखवलं: धान्य होतं, मजुराच्या हातात दाम नव्हता. बाजाराला गिऱ्हाईक दिसतं, उपाशी माणूस दिसत नाही. आज गोदामं भरलेली असतात, तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली.

आता तो आळस. तासगावच्या माणसानं हे लिहावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती होते. पहिला प्रयोगही विसापूरच्याच परिसरात झाला. मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि मिलो या परदेशी तांबड्या ज्वारीची भाकरी, एवढंच ती सांगते; हाताच्या घट्ट्यांबद्दल विचारलं की विषय बदलते. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. रणरणत्या उन्हात पाझर तलाव खोदणाऱ्याला आळशी म्हणायला जीभ तरी कशी रेटते? मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावं चढली, मधल्यांनी खाल्लं, तेही झालंच. पण हातात मजुरी आली म्हणून दुकानातलं धान्य घेता आलं. म्हणजे बाजारालाही गिऱ्हाईक मिळालं ते या कामांमुळंच. मागेल त्याला काम, हा कायदा महाराष्ट्रानं 1977 मध्ये केला. देशाला तो 2005 मध्ये सुचला.

आणि या योजनेचा बराचसा पैसा कुठून आला, तर शहरातल्या कमाईतून. त्यासाठीच 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. म्हणून बाजार मोडा असं मी म्हणत नाही. तो कमावतो, त्यातलं थोडं कायद्यानं काढून घ्यावं लागतं. पोस्ट टाकणारे भाऊजी पुण्यात चांगल्या पगारावर आहेत. त्यांच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते याच कराचे.