पैसे घेताना तो खोटं काय बोलला?

काही वर्षांपूर्वी मी एका मित्रावर चारसोबीसची केस टाकायला निघालो होतो. उसने पैसे घेतले, चार हप्ते फेडले आणि मग फोन उचलणं बंद. मी दोन पानी तक्रार अर्ज खरडला, त्यात 'विश्वासघात' हा शब्द निदान सात वेळा. ओळखीच्या वकीलबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "पैसे घेताना तो खोटं काय बोलला?"

मी गप्प. धंद्यासाठी हवेत म्हणाला होता, धंद्यातच घातले होते. धंदा बसला.

सगळी मेख त्या प्रश्नात आहे. दंड संहितेचं ४२० आता गेलं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) लागतं. (शिवी मात्र चारसोबीसच राहणार, 'तीनशे अठरा कंसात चार' कोण म्हणतंय!) शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा ठरायला तीन गोष्टी लागतात: आधी खोटं, त्या खोट्याला भुलून समोरच्याने दिलेली मालमत्ता, आणि ती घेतानाच मनात असलेली लबाडी. लबाडी नंतर सुचली, तर हे कलम लागत नाही.

१८६० च्या त्या जुन्या दंड संहितेत यासाठी निळीचं उदाहरण आहे. नीळ पुरवतो सांगून आगाऊ रक्कम घेतली आणि द्यायची नव्हतीच, तर फसवणूक. द्यायची होती पण पुढे करार मोडला, तर फक्त दिवाणी दावा. निळीचे मळे गेले, मळेवाले साहेब गेले, तरी नव्या संहितेत हे उदाहरण कायम आहे. मला ते फार आवडतं.

मनातलं सिद्ध कसं करायचं? कागदावरून. तोच फ्लॅट आधी दुसऱ्याला विकलेला, बँकेचं गहाण दडवलेलं, सही बनावट. आणि हो, बेइमानीने दडवणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी फसवणूकच. नुसतं 'नंतर पैसे दिले नाहीत' एवढ्यावर भागत नाही.

आपल्याकडे ४०६ (विश्वासघाताचं जुनं कलम) आणि ४२० जोडीनेच लावायची खोड आहे. पण विश्वासघातात वस्तू आधी सरळपणे सोपवलेली असते, नियत नंतर फिरते. फसवणुकीत ती पहिल्यापासूनच खोटी. एकाच व्यवहारात दोन्ही एकदम बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा बजावलं.

माझा खरा राग मात्र दुसऱ्या टोकावर आहे. बनावट कागद टेबलावर ठेवला तरी ठाण्यात ऐकू येतं, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." करार झाला म्हणून गुन्हा पुसला जात नाही, एकाच व्यवहारातून दिवाणी दावा आणि फौजदारी गुन्हा दोन्ही निघू शकतात. माझ्यासारख्या रागावलेल्यांच्या अर्जांचा ढीग साचतो आणि खरा फसलेला माणूस त्याच ढिगाखाली जातो, असं मला वाटतं.

वकीलबाईंनी अर्ज परत देताना आणखी एक विचारलं, पैसे कधी दिले होते? उसनवारीच्या वसुलीच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षांची. त्यातली दोन मी नुसता चडफडण्यात घालवली होती.