हेजहॉगच्या घरट्यालाही कायदा हवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

हेजहॉग या अंगभर काटे असलेल्या छोट्या प्राण्याच्या घरट्याला कायद्याचे संरक्षण द्यावे, अशी मागणी करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: ब्रिटनमध्ये हेजहॉगला 1981 आणि 1996 च्या कायद्यांचे संरक्षण आहेच, त्याला मुद्दाम कोणी मारत नाही, तो मोटारींखाली सापडून आणि बदललेल्या शेतीमुळे मरतो, तेव्हा कायदा कडक केल्याने घरबांधणी अडेल, हेजहॉग वाचणार नाही.

‘कायद्याचे कसलेच संरक्षण नाही’ हे माझे वाक्य चूकच होते. ते मी दुरुस्त केले आहे. मात्र जे संरक्षण आहे ते कशापासून, हे पाहावे लागेल. 1981 च्या वन्यजीव कायद्याच्या सहाव्या अनुसूचीमुळे हेजहॉगला फासे, सापळे अशा ठरावीक साधनांनी पकडायला किंवा मारायला मनाई आहे. 1996 चा कायदा क्रौर्याला शिक्षा देतो, पण त्यासाठी यातना देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. हेजहॉग जिथे झोपतो, जिथे पिल्ले वाढवतो, त्या जागेबद्दल दोन्ही कायदे गप्प आहेत. 1981 च्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत त्याचे नाव गेले, तर कलम 9 नुसार हा आसरा जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने मोडणे गुन्हा ठरू शकेल. माझी मागणी एवढ्यासाठीच आहे.

त्याचे हिवाळी घरटे मी इथे इंग्लंडमध्ये आमच्याच परसात पाहिले आहे. कुंपणाच्या झुडपाखाली पालापाचोळ्याचा साधा ढीग वाटत होता. वाकून पाहिले तेव्हा दिसले, की ओकची पाने पत्रावळींच्या चळतीसारखी एकमेकींवर दाबून चांगली जाड भिंत रचलेली आहे. त्याच हिवाळ्यात आमच्या रस्त्याच्या टोकाचे झुडपांनी भरलेले आवार यंत्राने एका सकाळीत साफ झाले. आत काही आहे का, हे कोणी पाहिले नाही. धोका दिसला की पळायचे नाही, अंगाचे मुटकुळे करून पडून राहायचे, हा हेजहॉगचा स्वभाव, आणि शीतनिद्रेत तर त्याला लवकर जागही येत नाही. त्याचे हजारो काटे कोल्ह्यापुढे कामाला येतात, पात्यापुढे नाही.

मुद्दाम मारत नाहीत म्हणून कायदा नको, हा युक्तिवाद वॉटर व्होलच्या बाबतीत टिकला नाही. ओढ्याकाठी बिळे करणारा हा छोटा प्राणी मुख्यतः अमेरिकेतून आणलेल्या मिंक या शिकारी प्राण्यामुळे आणि काठ उजाड झाल्यामुळे घटला. तरीही 1998 मध्ये आधी त्याच्या बिळांना आणि 2008 मध्ये खुद्द त्यालाही संरक्षण मिळाले. त्याची घट तेवढ्याने थांबली असे मी म्हणणार नाही. पण ओढ्याचा काठ खणण्याआधी आता तिथली बिळे तपासावी लागतात. हेजहॉगसाठी 1998 सारखी सुरुवात झाली तरी मला पुरे आहे. घरबांधणीचे म्हणाल, तर कायदेशीर कामाच्या ओघात झालेले आणि वाजवी काळजी घेऊनही टाळता न येणारे नुकसान गुन्हा ठरत नाही, अशी सवलत त्याच 1981 च्या कायद्याच्या कलम 10 मध्ये आहे.

मोटारींबद्दल आपले बरोबर आहे. तिथे या कलमाचा उपयोग नाही. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी हेजहॉगला खातो, हेही खरे. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या 261 ग्रामीण ठिकाणांपैकी जेमतेम 21 टक्के ठिकाणी हेजहॉग आढळला, आणि चौथाईहून अधिक ठिकाणी हेजहॉगही नव्हता आणि बॅजरही. तिथे दोष बॅजरला कसा देणार? गांडुळे आणि आसरा दोघांनाही लागतो, आणि बॅजरच्या बिळाला 1992 च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. ते काढून घ्यावे असे आपणही म्हणत नाही.